अठ्ठ्याण्णव मार्कांची हार्ड डिस्क

आमच्या लालबागच्या फोटो स्टुडिओत सर्व्हरचे किस्से इतके साठलेत की विचारू नका. फोटो उडतात, व्हिडिओ अडकतात. किस्से मात्र जसेच्या तसे! मी तिथे अल्बम डिझाइन करते. मुळात घाबरट. मागून कुणी स्टेपलर मारला तरी उडते. त्यात आमचे मालक सुधीरकाका एक दिवस सर्व्हर 'ऑप्टिमाइझ' करणारं सॉफ्टवेअर घेऊन आले.

*

"आता बघ, रॉकेट होतो की नाही!" काका म्हणाले.

रॉकेट कसलं! ते सॉफ्टवेअर दिवसभर हार्ड डिस्कवरच्या फायली इकडच्या तिकडे लावत बसायचं. फोटोवर क्लिक करून चहा पिऊन यावं, तर नवरीचं नुसतं कपाळ आलेलं असायचं. हारापर्यंत पोचायला दुसरा चहा! स्क्रीनवर मात्र हिरव्या अक्षरांत 'हेल्थ ९८'.

"अठ्ठ्याण्णव! तुला बारावीला किती होते गं?"

*

त्या सॉफ्टवेअरला आणखी एक खोड. काम जरा थांबलं की वीज वाचवायला डिस्कला झोपवायचं. मग कुणी फाइल उघडली की डिस्क 'टक्क' करून जागी, आणि मी खुर्चीतून वर! आमचा एडिटर केतन तेवढ्यासाठीच फायली उघडायचा. "मुक्ता उडाली. चला, डिस्क उठली!"

रिपेअरवाल्याने कान लावून ऐकलं. "सारखी झोपव-उठव केली तर डिस्क जाणार. काढा हे सॉफ्टवेअर."

काकांनी त्याला हिरवे अठ्ठ्याण्णव दाखवले. "ती ठणठणीत आहे म्हणतेय. तू म्हणतोस म्हणून आजारी पाडू?"

*

मग तोडगा निघाला. डिस्कला झोपूच द्यायचं नाही, तिच्यावरचा एक व्हिडिओ सतत चालू ठेवायचा. काकांनी निवडला सासऱ्यांच्या एकसष्टीचा. काउंटरच्या टीव्हीवर दिवसभर बायका त्यांना ओवाळतायत, संपलं की पुन्हा ओवाळतायत. पासपोर्ट फोटोला आलेल्या एक आजी ते बघत बसल्या. जाताना म्हणाल्या, "माणूस भलताच सोशिक हो!"

*

मला खरी काळजी सावंतकाकूंची. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग आमचंच, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे मिस्टर गेले. "व्हिडिओ तुमच्याकडेच राहू दे गं. आत्ता नाही बघवणार," म्हणाल्या होत्या. म्हणून मी सर्व्हरमधल्या दुसऱ्या डिस्कवर त्याची कॉपी ठेवली होती.

एका सकाळी काका भलतेच खुशीत. "सॉफ्टवेअरने सगळे डुप्लिकेट काढले. केवढी जागा झाली बघ!"

मी पाहिलं. दुसरी डिस्क रिकामी! "काका, तो बॅकअप होता!"

"अगं, पण तेच तेच होतं ना सगळं?"

*

मी पुन्हा कॉपी ठेवली की सॉफ्टवेअर ती उडवायचं, आणि लवकरच मूळ व्हिडिओ असलेली पहिली डिस्क करकरायला लागली. हेल्थ ९८च! आणि नेमका त्याच दिवशी काकूंचा फोन. "आज येते गं बघायला. मन घट्ट केलंय."

कुणालाही न विचारता मी ते सॉफ्टवेअर काढायला घेतलं. 'नक्की काढायचं? आम्हाला वाईट वाटेल,' त्याने पुन्हा पुन्हा विचारलं. हो! हो! हो! काका "अगं..." म्हणाले आणि माझा चेहरा बघून टीव्हीकडे वळले. एकसष्टी बंद केली. व्हिडिओ पेनड्राइव्हवर कॉपीला लावला. मुंगीच्या पावलांनी सरकत होता. करकर वाढत होती. केतन एकही जोक न मारता शेजारी उभा. कॉपी संपली, आणि थोड्या वेळाने डिस्क 'टक्क' करून कायमची गप्प झाली. या वेळी केतनही उडाला.

काकू आल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या. व्हिडिओ सुरू झाला. विधी झाले, हार पडले, पंगती बसल्या. वाढप्यांच्या मागेमागे धावणारे सावंत अचानक कॅमेऱ्यावर खेकसले, "मेल्या, माझा काय शूटिंग करतस? शेवटच्या पंगतीक बासुंदी पोचली काय, ता बघ आधी!"

काकू स्क्रीनकडे बघत हळूच म्हणाल्या, "अहो, पोचली होती."