दर्याकडचा गोल

मुरबे गावातला आमचा फुटबॉलचा फॉरवर्ड एका गोलाकडे वाघ होता, तर दुसऱ्याकडे अगदी गाय.

आम्ही ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर खेळायचो. एक गोल सुरूच्या झाडांकडे, दुसरा दर्याकडे. अख्ख्या गावात चेंडू एकच, आणि पाण्यात गेला की ओहोटी त्याला आत ओढून न्यायची. म्हणून दर्याकडे जोरात मारायचे नाही, हळूच सरकवायचे, असा कायदाच होता. तो फॉरवर्डच्या हाडीमासी खिळला होता. ओल्या, सोनेरी वाळूवरून त्याचा चेंडू इतक्या लाडाने गोलात जायचा, की आम्ही हरलेलेही बघत राहायचो. त्या संध्याकाळी अजून स्वप्नात येतात आणि जाग आली की जीव हळहळतो.

एकोणीसशे साठच्या दशकात मुंबईच्या एका गिरणीने त्याला संघात घेतले. त्याचे वडील, होडीचे प्रमुख म्हणून आमचे तांडेलकाका, कौतुकाने चिडवायचे, "आमी मासल्यांमागं धावतो, ह्यो चेंडूमागं. पगार मातर ह्यालाच!"

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर, तेव्हाच मुंबईत सामने. नारळी पौर्णिमा जवळ आली तशी काकांना होडीवर हा एकुलता एक मुलगा हवासा झाला. गिरणीनेही बजावले होते, शेवटच्या सामन्यात गोल केलास तर नोकरी कायम, नाहीतर घरी. त्याला परत आणायला काका मला सोबत घेऊन निघाले.

मैदान समुद्राकाठी. उत्तरार्धात तो पश्चिमेच्या गोलाकडे खेळत होता. जाळ्यामागे लाटांचा आवाज. चेंडू पायाशी आला, समोर एकटा गोलकीपर, आणि फॉरवर्डचा पाय नेहमीसारखा मऊ पडू लागला. माझ्या शेजारी काका ताडकन उभे राहिले.

"मार रं जोरान! दर्यात गेला तं मी आनीन!"

त्याने मारला. जाळे थरथरले. सगळे खेळाडू मिठी मारायला त्याच्याकडे धावले, आणि हा पठ्ठ्या चेंडू धरायला जाळ्याकडे! मी पोट धरधरून हसलो. काका मात्र सावकाश खाली बसले.

"चल, गारी गाठू," म्हणाले.

"आणि त्याला न्यायचं ना?"

"आता त्यो कसला येतो!"

परतताना रेल्वेगाडी वैतरणेच्या खाडीवर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि फार वाईटही वाटले.

पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून होड्या निघाल्या. काकांनी होडी लोटायला मला हाक मारली, पण तोंडातून नाव निघाले मुलाचे. मी निमूट ओ दिली.