वायरमनच्या मेणबत्त्या

माझा मामा वायरमन होता. एकतीस वर्षं तो खांबांवर चढत होता. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना, बंद आहे म्हणून सांगितलेल्या एका तारेने त्याचा उजवा हात भाजून काढला. जीव वाचला, पण बोटं आखडून मूठ झाली ती उघडेचना. मामी भरवायला लागली आणि आमचा बडबड्या मामा गप्प झाला. चमचा दिसला की तोंड फिरवायचा.

दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या बाईंनी मेणाचा उपाय काढला. वितळलेल्या कोमट मेणात हात बुडवायचा, बाहेर काढायचा, पुन्हा बुडवायचा. थर जाड झाला की टॉवेलात गुंडाळून वीस मिनिटं बसायचं. मग मेण सालीसारखं सोलायचं आणि सैल झालेली बोटं एकेक करून ताणायची. पहिल्या दिवशी सोललेली साल मामाने डाव्या तळहातावर घेतली. आतल्या बाजूला कातडीची रेघन् रेघ उमटली होती. किती तरी वेळ तो पाहत राहिला.

"बाई, हे मेण तुम्ही टाकून देता?"

"जुनं झालं की देतोच टाकून."

"मग मला द्या."

कित्येक आठवड्यांत त्याने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. मी सोबत होते, मी लगेच पिशवी पुढे केली.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराचा ओटा मामाच्या ताब्यात गेला. गरम पाण्याच्या पातेल्यात उंच डबे, डब्यांत मेण. मी बालवाडीत शिकवते. शाळेतल्या तुटक्या मेणखडूंची पिशवी मी त्याला आणून दिली. मामी म्हणाली, "जन्मभर लाइट दुरुस्त केली, आता मेणबत्त्या करून खात्याची अब्रू घालवा." पण पातेल्यात पाणी तीच ओतत होती.

पहिल्या मेणबत्त्या दिसायला झकास होत्या, पण पेटवल्या की दोन मिनिटांत ज्योत मान टाकायची. मामाने एक उभी चिरली, वात नाकाजवळ धरून पाहिली आणि जुन्या आवाजात म्हणाला, "फॉल्ट सापडला. खडूचा रंग वातीत अडकतोय." त्यानंतर आतला गाभा साधा पांढरा आणि रंग फक्त बाहेरून, असं ठरलं. रंगात बुडवायची, गार पाण्यात बुडवायची, पुन्हा दुसऱ्या रंगात. तीसेक वेळा.

एका रविवारी दुपारी त्याने आम्हा दोघींना हाक मारली. बुडवून बुडवून मनगटाएवढी जाड झालेली मेणबत्ती वातीच्या दोरीने खुंटीला टांगली होती. बाहेरून ती नुसती निळी दिसत होती.

"दहा मिनिटं आहेत," मामा म्हणाला. "नंतर मेण ऐकत नाही."

दांड्याला फडकं गुंडाळलेली सुरी त्याने उचलली, वरून खाली एक पातळ पट्टी कापत आणली, तळाशी जोडलेलीच ठेवली आणि पाकळीसारखी बाहेर वळवली. निळ्याच्या पोटातून पांढरा, केशरी, हिरवा, पुन्हा पांढरा, गर्द लाल असे थर उघडले. केसाएवढ्या रेघा, पण एकही दुसरीत मिसळली नव्हती. त्याचा हात थरथरत होता, त्यामुळे पाकळीच्या कडेला बारीक लाट आली होती. कुणी मुद्दाम काढायची म्हटली तरी जमली नसती.

तेवढ्यात मामी हळूच म्हणाली, "अहो, उजवा."

सुरी उजव्या हातात होती. मामाने हाताकडे पाहिलं, जणू दुसऱ्याच कुणाचा असावा. मग म्हणाला, "थांब जरा. मेण गार होतंय." आणि पुढची पट्टी कापायला घेतली. मामी पदर तोंडाशी धरून स्टुलावर बसली.

त्याची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत, आणि ती होणार नाहीत असं व्यायामाच्या बाईंनी स्पष्ट सांगितलंय. पण जेवतो स्वतःच्या हाताने. दर मंगळवारी तो दवाखान्यात पेशंटांना मेणबत्त्या शिकवतो. गेल्या मंगळवारी मी बघायला गेले होते. अर्धांगवायू झालेल्या एक शिंपीणबाई महिनाभर नुसत्या बघत बसायच्या. त्या दिवशी त्यांनी सुरी मागून घेतली. एकच पाकळी कापली, तीही वाकडी. आतले रंग उघडले तसे बाकीचे पेशंट जवळ सरकले.

शिंपीणबाई पाकळीवरून बोट फिरवत राहिल्या. मग मामाला म्हणाल्या, "मेण अजून गरम आहे ना?"

"आहे की," मामा म्हणाला आणि मेणबत्ती त्यांच्याकडे थोडी फिरवून धरली.