पाहुणे आले की पाणी

ताईच्या धाकट्या भावानं चाळिशी ओलांडली, तरी घरात त्याचं नाव राजाच राहिलं. राजाला स्वमग्नता आहे, बोलत नाही, समजही लहान मुलाएवढीच असं डॉक्टर सांगतात. त्याला काय काय कळतं ते ताईच जाणे. सकाळी नळ सोडायचा, धारेखाली बोटं धरून स्वतःशीच हुंकार द्यायचे, मग आंघोळ, मग न्याहारी. एवढं पाणी मिळालं की दिवसभर त्याचा कुणाला त्रास नाही. आई गेल्यावर ताईनं शिलाई मशीन चालवत हे सगळं निभावलं. पुढे तिच्या गुडघ्यांनीच हात टेकले. न्हाणीघरात घसरलेल्या राजाला उचलणं जमेना, तेव्हा काळजावर दगड ठेवून तिनं त्याला अशा माणसांच्या निवासात ठेवलं. दारावर पाटी होती, ‘घरासारखं घर’.

नळाचं तिनं व्यवस्थापकांना पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्या गृहस्थांचा हात धरणारा कुणी नव्हता.

भेटीच्या दिवशी राजाला बाहेरच्या खोलीत आणून बसवत. केस चापूनचोपून विंचरलेले, अंगावर पावडरीचे थर आणि त्याखालून येणारा आंबूस वास. नखांत काळं, डोळे अर्धे मिटलेले. ताईनं विचारलं की सेविका म्हणायची, त्यालाच आंघोळ नको असते, गोळीनं मात्र छान शांत असतो. छान शांत म्हणे! कोपऱ्यातली कुंडीही शांतच असते. पण ताई मूग गिळून बसायची. दुसरी जागा नव्हती, आणि बोललं तर राग राजावर निघेल ही धास्ती.

मग सरकारी तपासणी आली. नातेवाईक समाधानी आहेत हे दिसावं म्हणून ताईला बोलावणं गेलं. व्यवस्थापकांनी तिला बाजूला घेऊन गोड आवाजात सांगितलं, की शेरा वाईट पडला तर निवास बंद होईल आणि मग ज्यानं त्यानं आपलं माणूस घरी न्यावं.

त्या दिवशी तिला पहिल्यांदा राजाची खोली दिसली. कोरी चादर, फिनेलचा वास, भिंतीशी हात धुवायचं भांडं. त्यावरचा नळ सोडून राजा धारेखाली बोटं धरून उभा होता आणि हुंकारत होता. किती दिवसांनी ऐकला तो आवाज! तपासनीस बाईंनी विचारलं तेव्हा ताईला खोटं बोलणं सोपं गेलं. ती म्हणाली, चांगलं ठेवतात. बाई हसून पुढे गेल्या.

त्यांची पाठ वळली तसा राजानं नळ बंद केला. नळाची फिरवायची चावी उपसून काढली, दुसरा हात मार चुकवावा तसा डोक्यावर धरला, आणि चावी सेविकेपुढे केली. तिनं ती सवयीनं खिशात टाकली. मग तिला ताई दिसली.

“बघा, किती वळण लागलंय,” ती कौतुकानं म्हणाली. “आधी हिसकावून घ्यावी लागायची. आता पाहुणे गेले की स्वतःच आणून देतो.”

“आणि एरवी पाणी?”

“एरवी कसं देणार, ताई? सगळं ओलं करतो. पुसत कोण बसणार?”

ताईला शिसारी आली. त्या पावडरीची, त्या चादरीची, कौतुकानं फुललेल्या त्या तोंडाची. सगळ्यात जास्त स्वतःच्या जिभेची. तिनं सेविकेच्या खिशात हात घालून चावी काढली आणि राजाच्या हातात ठेवली.

“घे राजा. सोड पाणी.”

राजानं दाराकडे पाहिलं. पाहुणे नव्हते. त्यानं हात डोक्यावर धरला आणि चावी ताईपुढे केली.

ताईनं चावी मुठीत घेतली, राजाचं बखोट धरलं आणि दुखरे गुडघे ओढत थेट कचेरी गाठली. तिथं व्यवस्थापक आणि तपासनीस बाई चहा घेत होते. कपांच्या मधोमध तिनं चावी ठेवली.

“मघाशी मी खोटं बोलले,” ती म्हणाली. “काय शेरा लिहायचा तो लिहा. ह्याला मी घरी नेतेय.”

व्यवस्थापक उठून काहीतरी समजावू लागले. तपासनीस बाई मात्र राजाकडे बघत होत्या. डोक्यावरचा हात त्यानं अजून खाली घेतला नव्हता.