केसपेपरवरचं नाव

उंदरांना ज्याचा गुण आला ते मेंदूचं नवं औषध डॉक्टर लकव्याने पडलेल्या आमच्या ह्यांना देऊन बघत होते. आज डॉक्टरांनी ह्यांच्या कानाशी केसपेपरवरचं नाव तीनदा ओरडून पाहिलं. ह्यांचे डोळे छताकडेच राहिले.

"बाई, ह्यांना काही कळत नाही. औषध बंद करू," डॉक्टर म्हणाले.

मला त्यांचा भयंकर राग आला. उंदराला ना नाव, ना बायको. त्याच्यावर शिकलेल्यांना माणसाला हाक कशी मारावी ते कुठून कळणार? त्या नावाने मी ह्यांना जन्मात बोलावलेलं नाही. चारचौघांत माझा आवाज निघत नाही, तरी म्हटलं, "अहो."

ह्यांचं बोट हललं.

"योगायोग," डॉक्टर म्हणाले.

मग मी भांडताना मारते तशी हाक मारली. ह्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.