माडीला शेण लावायचं नाही

त्या दिवशी चार वाजेपर्यंत आम्ही दोघं नवरा-बायको माडीवर जमिनीच्या फळ्या घासत होतो. मी एका टोकाला, ती दुसऱ्या. गुडघ्याखाली गोणपाट, हातात ठोकळ्याला गुंडाळलेला पॉलिश पेपर. मी जोराच्या भरात फळी आडवी घासली तर ती तिकडून ओरडली, "अवो, नांगरट हाय का ती? रेषंवरनं घासा, चरे पडत्यात."

"तुला काय कळतं सुतारकीतलं?"

"आन तुमी कवा सुतार झाले?"

पदरानं तोंडावरचा भुसा पुसला आणि चहा ठेवते म्हणून खाली गेली. चहा उतू गेल्याचा वास आला, पण हाक आली नाही. मी उतरलो. ती गॅसपाशी भिंतीला टेकून बसली होती. गेली होती.

माडीवर पूर्वी ज्वारी असायची. फळ्यांच्या फटीतून दाणे गळायचे म्हणून माझी आई शेणानं सारवायची. तिच्यामागं हिनं सारवलं. ज्वारी ठेवायची बंद झाली तरी सारवणं काही थांबलं नाही. मलाही कधी सुचलं नाही. गेल्या दिवाळीत एक पोपडा निघाला आणि खाली तांबूस सागवान दिसलं. ती तिथंच बसली.

"असल्या लाकडाला मी जल्मभर शेण फासलं? तुमी तरी सांगायचं हुतं!"

"मला काय म्हाईत, मी काय खाली बगितलंय?"

खुरप्यानं तिनं सगळं खरवडून काढलं. म्हणाली, आता ह्याला शेणाचं बोट लागायचं न्हाई, तेल पाजायचं. अकरा फळ्या होत्या. आधी जाड पेपर, मग बारीक, मग ओल्या फडक्यानं पुसून वाळवायचं आणि पुन्हा घासायचं. सगळ्या झाल्या की जवसाचं तेल. सहा झाल्या आणि ती गेली. तेल एकीलाही लागलेलं नव्हतं. असं कोरं लाकूड पडेल ते पितं. शेणाचं पाणी पडलं असतं तर डाग आतपर्यंत गेला असता.

दहाव्याला नदीवरून आलो तर काष्टीला दिलेली माझी थोरली बहीण शेणकाल्याची बादली घेऊन जिन्यात. खाली फरशी धुवून झाली होती. सुतक फिटायचं तर घर सारवायला लागतं, आणि माडी नेहमी सारवायचीच.

मी जिन्यात आडवा उभा राहिलो. "आक्का, वर न्यायचं न्हाई."

"येडा झाला का तू? इटाळ तसाच ठिवनार?"

"ठिवीन."

"तिची वाट कशी मोकळी व्हायची रं?"

"तिनंच ते शेण काढलंय. तू परत लावलं तर तिथनं माघारी यील भांडायला."

"लोक काय म्हनतील?"

"लोकास्नी वर कोन बोलावतंय?"

तिनं बादली खालच्या पायरीवर आपटली आणि रडायला लागली. मला रडता येत नाही, भांडता येतं. पण थोरली आहे, आईच्या जागी. मी बादली उचलली, अंगणात नेली आणि बसून सारवायला लागलो. बाप्या माणूस सारवतोय म्हणून शेजारच्या बायका दारात आल्या. बहीण डोळे पुसत अंगणात आली. मग म्हणाली, "व्हय बाजूला. गाईनं चाटल्यावानी करून ठिवलंय."

माडीवर तिनं तांब्यातलं गोमूत्र शिंपडलं, चार थेंब. एवढं मी कबूल केलं. तिच्या मागोमाग फडकं घेऊन मी ते पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण खाली भाकरी थापत होती तेव्हा मी माडीवर गेलो. गोणपाट झटकलं, ठोकळ्याला नवा जाड पेपर गुंडाळला आणि भिंतीकडची सातवी फळी धरली. तिच्यात दोन जुने खिळे निघाले, ते ठोकून आत घातले. जेवायला हाका आल्या. फळी संपेपर्यंत उठलो नाही.