संग्रहात नसलेलं एक वाक्य

विद्यापीठाच्या ग्रंथालयामागे एक थंडगार खोली होती. एसी आमच्यासाठी नव्हता, यंत्रांसाठी होता. दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत मी तिथे कंत्राटावर होते. आमच्या गावाहून, जामहून, एसटीने यायचं, आलेला ऐवज संगणकात चढवायचा आणि त्याखाली चार ओळींचं वर्णन लिहायचं, एवढंच काम. ऐवज मात्र भलताच. प्रबंध तर पोत्याने यायचे. शिवाय कपाशीवरच्या किडींचे फोटो, जुन्या विहिरींचे नकाशे, भजनी मंडळांच्या कॅसेटी, कुणाच्या तरी आजोबांची लग्नपत्रिका. जगबुडी आली तरी ही खोली तरेल, अशा थाटात आमचे विभागप्रमुख बोलायचे. मला ते खरं वाटायचं.

त्याच संग्रहात माझ्या बाबांचा आवाज होता. जामच्या चौकात त्यांचं बैलांच्या सामानाचं दुकान. कासरे, वेसणी, घुंगरमाळा, बैल हाकायच्या काठ्या म्हणजे तुताऱ्या. नव्वदीच्या दशकात विद्यापीठाचे एक सर बोलीतले शब्द टिपायला टेपरेकॉर्डर घेऊन आमच्याकडे आले होते. बाबा नवा सदरा घालून बसले आणि एकेक वस्तू उचलून तिचं नाव सांगू लागले. मध्येच त्यांना पाहुणचार आठवला. टेप चालूच होता आणि त्यांनी आत हाक दिली, "अवं, चहा मांडजो. अन् तुयासाठी बी एक कप ठेवजो."

सर हसले. आत आई पातेलं हातात धरून उभीच राहिली. बाबा वाईट नव्हते, पण बायकोशी चार शब्द बोलायचे म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. जेवण झालं का, हेही त्यांनी तिला कधी विचारलेलं मी ऐकलं नाही. त्या एका कपावर आईने पुढची कितीतरी वर्षं काढली. आम्ही चिडवायचो, तेव्हा म्हणायची, पाहुणे होते म्हणून बोलले. पण सांगताना तिचा चेहरा उजळायचा.

मग बाबांना लकवा झाला. सावंगीच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवी बाजू गेलेली आणि वाचा बसलेली. समजायचं सगळं, पण तोंडातून नुसता 'आऽऽ' असा आकार निघायचा. काही दिवसांनी आईने मला विचारलं, तुमच्या त्या मशीनमध्ये ह्यांचं ते बोलणं असेल ना? मी म्हटलं, असेलच, आमच्याकडे काही हरवत नाही. तिने उभ्या आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

दुसऱ्याच दिवशी शोधलं. बोली-सर्वेक्षण, पुरुष, दुकानदार. कानाला हेडफोन लावला आणि बाबांचा खणखणीत आवाज आला. कासरा. मग शांतता. वेसण. शांतता. जू. डवरा. तुतारी. शेवटपर्यंत नुसते शब्दच. दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकलं. ध्वनिमुद्रणाचं काम बघणाऱ्या सहकाऱ्याला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, की कॅसेट चढवताना फक्त शब्द ठेवायचे असं ठरलं होतं. बाकीची बडबड, कोंबड्या, भांड्यांचे आवाज, सगळं काढून टाकलं. आणि कॅसेट? तिला बुरशी लागली होती, फेकली.

माझ्या समोरच्या पडद्यावर तेव्हा एका प्रबंधाचं कोरं पान होतं. प्रबंधातलं एकही पान वगळायचं नाही असा नियम असल्याने कोरी पानंही आम्ही जपून ठेवत होतो. मला इतका संताप आला की ती सगळी यंत्रं उचलून आपटावीशी वाटली. पण कुणावर ओरडणार? नियमाने वागले होते सगळे. तुम्ही आधी सांगितलं असतं तर ते वाक्य राहू दिलं असतं, असं तो सहकारी म्हणाला, आणि तेही खरंच होतं.

शब्दांची सीडी करून घरी नेली. आईला आधी सांगायचा धीर झाला नाही. ती हात धुऊन, पदर सावरून बाबांच्या खाटेशी बसली. मी सीडी लावली. आपला आवाज ऐकून बाबांचे डोळे मोठे झाले. आई एकेका शब्दावर मान हलवत वाट पाहत राहिली. शेवटचा शब्द संपला.

"हे तं सारं पाहुण्याईले सांगतलं," ती म्हणाली. "माह्यं कुठं हाय?"

ते कापलं, असं मी सांगितलं. बाबांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. तोंड वेडंवाकडं करत ते काहीतरी सांगू लागले. मानेच्या शिरा फुगल्या, लाळ गळू लागली, आणि निघत होता तो तसाच एक आकार. थांबायला तयार नव्हते. आईने पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "राहू द्या. समजलं मले."

तेव्हा कुठे त्यांनी हात सोडला आणि डोळे मिटले. मलाही बरं वाटलं. निदान तिला तरी कळलं, असं मनात म्हणत मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. ती चुलीकडे तोंड करून उभी होती.

"मले काईच नाई समजलं वं," ती म्हणाली.