लष्करी जीप आणि देवीचा कोप

त्या शुक्रवारी मी अकोल्याला निघालो तेव्हा माझ्या मनात श्रद्धा नव्हती, ऐट होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण असे अनुभव लिहिणारे लोक स्वतःला फार भोळं दाखवतात आणि मी भोळा कधीच नव्हतो. माझा धाकटा भाऊ वसंता अकोल्याच्या जुन्या शहरात दोन खोल्यांत आजारी पडून होता. पोटाचा आजार होता. डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं होतं आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. नऊ वर्षं आम्ही भाऊ एकमेकांशी बोललो नव्हतो. त्याच्या बायकोचा, मंदाचा, फोन आला, "भाऊजी, एकदा येऊन जा. ते तुमचं नाव काढून राहिले." मी ठरवलं, आता जायचं आणि त्याला माफ करून टाकायचं. देवीचं कुंकू कागदाच्या पुडीत बांधून घेतलं, पांढरा सदरा घातला आणि एसटीनं न जाता मुद्दाम जीप बाहेर काढली. माफी द्यायला जाणारा माणूस एसटीच्या रांगेत उभा राहिलेला मला बरा दिसेना.

जीप लष्करातली, जुनी. फौजेनं लिलावात काढली तेव्हा आमच्या वडिलांनी घेतली. आमचं गाव बडनेऱ्याजवळ. दसऱ्याला देवीचा मुखवटा सीमोल्लंघनासाठी शिवेपलीकडे नेतात. पूर्वी तो बैलगाडीतून जायचा, वडिलांनी जीपमधून न्यायला सुरुवात केली. त्यांच्या मागं जीप चालवायचा मान माझा झाला आणि बॉनेट उघडायचा हक्कही मी स्वतःकडंच ठेवला. दुसऱ्या कोणी हात लावला की माझं टाळकं फिरायचं. वसंता माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, त्याला यंत्राची आवड माझ्याहून जास्त, पण मी त्याला पुसायचं फडकं सोडून दुसरं काही हातात दिलं नाही.

नऊ वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला जीप ऐन शिवेवर बंद पडली. कार्बोरेटर भरून वाहिला, पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडलं आणि बॉनेटखालून जाळ निघाला. लोक पळाले. वसंतानं आधी मुखवटा उचलून एका म्हातारीच्या ओटीत ठेवला, मग ओलं पोतं घेऊन एकट्यानं जाळ विझवला. देवीच्या लुगड्याचा पदर जळाला आणि वसंताचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. मी मात्र त्या सकाळी त्याला बॉनेटपाशी स्क्रूड्रायव्हर घेऊन उभा असलेला पाहिलं होतं. तेवढं मला पुरलं. सगळ्या गावासमोर, त्याचा हात अजून पाण्याच्या बादलीत असताना, मी बोललो, "हे तुह्या हातानं झालं. म्हणून देवीनं तुह्या हाताले इथंच शिक्षा देल्ली."

दोन महिन्यांत तो मंदाला घेऊन अकोल्याला गेला आणि गावच्या देवळात पुन्हा आला नाही. गावानं माझंच खरं मानलं, कारण देवीची जीप चालवणारा माणूस देवीच्या नावानं खोटं कशाला बोलेल? पुढच्या वर्षीपासून मुखवटा ट्रॅक्टरमधून जाऊ लागला. माझा मान गेला, भाऊ गेला, आणि मी त्याचा राग देवीवर काढला. तीस वर्षं सेवा केली तिचं हे फळ, असं म्हणून देवळाची पायरी चढणं मीही जवळजवळ सोडलं. जळालेली वायर बदलली, जीप पुन्हा सुरू केली. कार्बोरेटर तेव्हाही अधूनमधून गळायचा. मी पेट्रोलच्या नळीवर एक कॉक बसवला होता, गाडी थांबली की तो बंद करायचो. गुन्हेगार सापडला होता, मग बिघाड कशाला शोधायचा?

तर मूर्तिजापूर मागं पडलं आणि जीपनं काळा धूर सोडायला सुरुवात केली. दुपारची वेळ, डांबर मऊ झालेलं. इंजिन दोनदा गुदमरलं आणि बंद पडलं. बॉनेट उघडलं तर कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल टपटप गळत होतं. प्लग काढले, ते काळे आणि चिंब ओले. पुसून वाळवले, पुन्हा बसवले. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल ठरावीक पातळीला आलं की आतला पितळेचा पोकळ फ्लोट वर उचलला जातो, तो एका सुईला ढकलतो आणि सुई पेट्रोलची वाट बंद करते. सुईखाली कचरा अडकला असेल म्हणून पान्याच्या दांड्यानं हळूच ठोकून पाहिलं. मग वाटी उघडून फुंकर मारली. जवळ नवी सुई होती, तीही बसवली. कॉक उघडला की गळती पुन्हा सुरू. दोन तास गेले. मला जे जे येत होतं ते करून झालं होतं, आणि तिकडं वसंता किती वेळ आहे कोणास ठाऊक. मी पुडीतल्या कुंकवाकडं पाहून मोठ्यानं बोललो, "तीस वर्सं तुले मिरवलं. तुले मले एवढं अकोल्यापावतर पोचवता येत नाई?" रस्त्यावर कोणी नव्हतं हे बरं झालं.

समोर रेडिएटर दुरुस्तीचं एक दुकान होतं. ते मला दिसलं नव्हतं असं नाही. पण शुक्रवारची दुपार, दुकानदार थोड्या वेळापूर्वीच शटर ओढून नमाजाला निघालेला. शिवाय रेडिएटरवाल्याचा कार्बोरेटरशी काय संबंध? तेवढ्यात तो पन्नाशीचा दुकानदार, डोक्यावर टोपी, सायकल दामटत परत आला. शटर अर्धं वर करून आत शिरला आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "हौदाचा नळ चालू राहून गेलता, काका. अर्ध्या रस्त्यातून आठवण आली." मग माझ्याकडं आणि जीपकडं पाहून त्यानं सायकल पुन्हा स्टँडवर लावली.

मी त्याला सगळं सांगितलं, सुई बदलली तेही सांगितलं. त्यानं सुईकडं पाहिलंच नाही. फ्लोट मागितला. कानाशी धरून हलवला, आत पेट्रोल नव्हतं. तळहातावर तोलला आणि त्याचा चेहरा जरा बदलला. रेडिएटर गळतो कुठं ते पाहायला त्यांच्याकडं पाण्याचा हौद असतो. त्यात त्यानं फ्लोट सोडला. फ्लोट एका अंगावर कलला आणि गळ्यापर्यंत पाण्यात गेला. "काका, हा तं डुबून राहिला," तो म्हणाला. "पाण्यात असा, तं पेट्रोलमधी काय राहीन? वरच येत नाई, मंग सुई बंद कशी होईन?" फ्लोट उलटा करून त्यानं मला त्यावर दिलेला डाग दाखवला, म्हणजे भोक बुजवायला वितळवून लावलेलं कथील. करंगळीच्या पेराएवढा गोळा होता. "छेद सुईच्या टोकाएवढा असन. त्याच्यावर इतका माल काहून चढवला? हा कोनाच्या हातचा डाग हाय?"

तो डाग माझ्या हातचा होता. त्या दसऱ्याच्या आठ दिवस आधी फ्लोटला बारीक भोक पडलेलं मला दिसलं होतं. घरीच कथील वितळवून मी ते बुजवलं. भरपूर लावलं, म्हणजे पुन्हा पाहायला नको. वर घासूनपुसून चकचकीत केलं आणि स्वतःवर खूश झालो. हे सगळं त्या हौदाच्या काठावर मला एका क्षणात आठवलं. आणि त्या भल्या माणसानं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून काय निघावं? "माहीत नाही," मी म्हणालो. एवढं झाल्यावरही मी खोटंच बोललो. त्यानं डाग तापवून सगळं जुनं कथील उतरवलं, तांदळाच्या कणीएवढा नवा थेंब लावला आणि फ्लोट पुन्हा हौदात सोडला. तो सरळ वर राहिला. गोळा माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "नमाज चुकन माही," आणि सायकलवर बसून गेलासुद्धा. त्याचं नाव विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

फ्लोट परत बसवला आणि जीप नऊ वर्षांत चालली नव्हती अशी चालली. आणि मला वाटेत वेगवेगळे हिशोब सुचू लागले. आता सांगून काय उपयोग? मरणाच्या दारातल्या माणसाला कशाला त्रास द्यायचा? ठरल्याप्रमाणं माफ करावं, कुंकू लावावं, परत यावं. अकोल्यात शिरून मोर्णा नदीचा पूल ओलांडेपर्यंत माझं हे पक्कं झालं होतं. इतका मी निगरगट्ट.

वसंता खाटेवर होता. नुसती हाडं उरली होती, पण मला पाहून उठायला गेला. मी त्याला धरून बसवलं, पुडी सोडली आणि कुंकवाचं बोट त्याच्या कपाळाकडं नेलं. त्यानं मान मागं घेतली.

"मले नको लावू, दादा," तो म्हणाला. "तिचा राग हाय माह्यावर."

मी मंदाकडं पाहिलं. ती दारात उभी होती. "नऊ वर्सांपासून असंच हाय," ती म्हणाली. "घरात देवीचा फोटो लावू देल्ला नाई. हा आजार आला तं म्हने, हातानं भागलं नाई, आता ती पोटात शिरली."

गाव सोडताना वसंता माझ्यावर चिडला असेल, मला शिव्या देत असेल, असंच मी आजवर धरून चाललो होतो. तसं असतं तर बरं झालं असतं. त्यानं माझं बोलणं खरं मानलं होतं. मी खिशातला कथलाचा गोळा काढून त्याच्या हातावर ठेवला, त्याच सुरकुतलेल्या, भाजलेल्या हातावर, आणि सगळं सांगितलं. डाग मी दिला, फ्लोट जड मी केला, पेट्रोल त्यामुळं वाहिलं.

"म्या त्या सकाळी कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू थोडा फिरवला होता," तो हळूच म्हणाला.

"त्यानं आग लागत नाही, वसंता."

"मंग देवीनं..."

"देवीनं काही केलं नाही. ते मी बोललो होतो. ती काहीच बोलली नव्हती."

त्यानं गोळा बोटांत फिरवून पाहिला. "मंग ती रागावली नोती?" त्यानं विचारलं. मी नाही म्हणालो. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हणालो. मग त्याला रडू आलं. रडणं ओसरल्यावर त्यानं कपाळ पुढं केलं, पण माझ्याकडं नाही. "मंदे, तू लाव," तो म्हणाला. मी पुडी तिच्या हातात दिली आणि बाजूला झालो.

अकराव्या दिवशी तो गेला. मंदा सांगते, रोज अंघोळ घातली की आधी कुंकू मागायचा. मला त्या दिवसांत त्यानं जवळ बसू दिलं, जेवलास का विचारलं, पण माफ केलं असं म्हणाला नाही.

रस्त्यात जीप बंद पडली, नेमकी तिथंच, आणि एका माणसाला नळ चालू राहिल्याची आठवण झाली, यात देवीचा हात होता का, हे मी कोणाला पटवून देणार नाही. मी एवढंच जाणतो की मी माफ करणारा म्हणून निघालो होतो आणि तसं मला पोचू दिलं गेलं नाही. याबद्दल मी रोज हात जोडतो. माझा भाऊ शापित म्हणून मेला असता, तो तसा मेला नाही. नऊ वर्षं उशीर माझा, त्यात तिचा काही दोष नाही. शरण जाणं म्हणजे नारळ, नवस, पालखी असं मला वाटायचं. आता वाटतं, तिच्या वतीनं बोलणं थांबवलं तरी माझ्यासारख्याला जन्मभर पुरेल. देवळात परत जाऊ लागलो आहे. मागं खांबाशी बसतो. वसंतानं मला माफ केलं असेल का, हे मात्र तिला विचारत नाही. उत्तर मीच देईन आणि तिनं दिलं म्हणेन, याची मला भीती वाटते.